पुदिन्यावरची नळी

"मला वाटायचं, ती नळी तू माझ्या पुदिन्यासाठीच सोडली आहेस," युलालीबाई म्हणाल्या.

टी-ज्यूल त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, अंगणात उभा होता. डाव्या हाताच्या घडीत नात होती आणि उजव्या हाताची डोळ्यांवर सावली. खिडकीच्या वर, पागोळ्या पडतात तिथून, अंगठ्याएवढी पांढरी नळी बाहेर डोकावत होती. तिच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता, पडू की नको असा. खाली पुदिना नुसता माजला होता. वाफा सोडून, वाट ओलांडून तो आता मागच्या पायरीवर चढायला निघाला होता.

"मिस युलाली, ती नळी पाणी घालायला नाही. बोंब मारायला आहे."

"म्हणजे रे?"

"म्हणजे माळ्यावरच्या एसीचं पाणी जायची खरी वाट तिकडं, अंजिराच्या झाडाशी आहे. ती तुंबली की पाणी यंत्राखालच्या परातीत साठतं आणि परातीतलं या नळीनं इथं पडतं. तुम्ही दिवसभर या खिडकीत उभ्या असता, म्हणून मुद्दाम इथं काढली होती. इथून थेंब पडायला लागला की मला फोन करायचा. सांगितलं होतं मी."

"कुणाला?"

"ओव्हिडला."

"ओव्हिडला सांगितलं म्हणजे कुंपणाच्या खांबाला सांगितलं," युलालीबाई म्हणाल्या. "उभा जन्म काढला मी त्या माणसाबरोबर. माझ्या हातची भेंडी त्याला आवडत नाही, हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. त्याच्या भावानं सांगितलं. कधी? तर त्याला पुरल्यावर, जेवणाच्या पंगतीत."

"किती दिवस पडतंय पाणी?"

"ईस्टरपासून. मी म्हटलं, देव देतोय, तर घ्यावं."

टी-ज्यूलनं नातीकडं पाहिलं. झेली आजीबाईंच्या चष्म्याकडं टक लावून बसली होती. ईस्टरपासून परात भरत होती, रिकामी होत होती, गंजत होती. काल कधीतरी ही दुसरी नळीसुद्धा शेवाळानं तुंबली. परात काठोकाठ भरली, तिच्यातला खटका उचलला गेला आणि यंत्र बंद पडलं. खटका होता म्हणून बरं. नाही तर ते सगळं पाणी छतातून युलालीबाईंच्या गादीवर आलं असतं. लुइझियानातला ऑगस्ट; रात्रभर म्हातारी ओला पंचा मानेवर टाकून पंख्यासमोर बसून होती.

मागं ट्रकाचं फळकूट आपटलं. त्याची मुलगी कोराली अवजारांची पेटी खाली घेत होती. तिच्या अंगात बापाचा जुना शर्ट होता, बाह्या मनगटापर्यंत बंद, आणि कपाळावर बापाचा दिवा.

टी-ज्यूल साठीला आला होता. अंगानं दारात मावेल न मावेल असा, मिशा पांढऱ्या. पण ब्रो ब्रिज गावात आणि बायूच्या, म्हणजे गावातल्या संथ ओढ्याच्या, दोन्ही काठांवर तो अजून टी-ज्यूलच. आमच्याकडं नावाआधी 'टी' लागला की तो धाकटा. बाप ज्यूल, म्हणून हा टी-ज्यूल. बाप पंखे आणि बर्फाची कपाटं दुरुस्त करायचा. पुढं घरोघरी एसी आले आणि लोकांनी ते माळ्यावर नेऊन ठेवले. खाली पुराची भीती, वर कुणाची अडचण नाही. बाप खालून ओरडायचा, पोरगं वर जायचं. बाप गेला, पोरगं आजोबा झालं, तरी 'टी' काही गळून पडला नाही. वर जाणारा तोच होता ना.

यंदाच्या जूनपर्यंत.

जूनमध्ये तो पलीकडच्या गावात एका माळ्यावर एकटाच होता. घरची माणसं कामाला गेलेली. छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं झालं. पुढचं त्याला आठवत होतं ते एवढंच, की उष्णता अडवायला पसरलेल्या काचेच्या कापसात गाल रुतलेला आहे, खाली टेलिफोन वाजतोय आणि तो उचलायला घरात कुणी नाही. घरमालकीण जेवणाचा डबा विसरली म्हणून परत आली, तिला उघडी शिडी दिसली, म्हणून तो वाचला. डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत जाळी बसवली. "तुंबली होती," ते म्हणाले. "कळलं," टी-ज्यूल म्हणाला. हा प्रकार त्याच्या ओळखीचा होता.

डॉक्टर आणखी बरंच बोलले, पण व्हर्जीनं, त्याच्या बायकोनं, तेवढ्यावरच निकाल लावून टाकला होता. घरी आल्या आल्या त्याच्या गुडघ्यांच्या गाद्या तिनं कुत्र्याच्या खोपट्यात टाकल्या. कपाळावरचा दिवा कोरालीच्या हातात दिला. "माळ्यावर पाय ठेवलास तर माझ्या घरात पाय ठेवायचा नाही," म्हणाली, आणि तोंड धुवायला म्हणून न्हाणीघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तेव्हापासून बापलेकीनं खालचीच कामं धरली होती. दुकानांतले फ्रीझर, चर्चमधले पंखे. पण माळा सोडला तर या धंद्यात उरतं काय? फोन यायचे, आणि टी-ज्यूल माणसांना दुसऱ्यांची नावं सांगायचा. काल युलालीबाईंचा आला. "दुसरा कुणी माझ्या घरात यायचा नाही," त्या म्हणाल्या. "मी उकडून मरेन, पण तुझ्याच यंत्राखाली मरेन." कोरालीनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "मिस युलाली, मी येते. ऊन चढायच्या आत."

ती कधी एकटी माळ्यावर गेली नव्हती. आणि तो कधी खाली थांबला नव्हता.

बोळातल्या छताला लोंबणारी दोरी कोरालीनं ओढली. घडीची शिडी कुरकुरत खाली आली आणि तिच्यामागून वरची हवा आली. सकाळच्या पहिल्या प्रहरातसुद्धा ती भट्टीच्या तोंडासारखी होती. झेलीनं नाक मुरडलं.

"पाजलंस का हिला?" टी-ज्यूलनं विचारलं.

"आत्ताच, ट्रकात. पुढच्या वेळेपर्यंत मी खाली असते. नसले तर ही सांगेलच साऱ्या गावाला." तिनं लेकीच्या तळपायाचा मुका घेतला. "पपा, ठरलंय ते लक्षात आहे ना? मी पान्यानं लाकडावर ठोकत राहीन. एक ठोका म्हणजे ठीक आहे. तीन म्हणजे काम झालं, उतरते."

"आणि ठोका आला नाही तर?"

"येईल."

"पण नाही आला तर?"

"तर शेजारच्या पोराला हाक मार. तू चढायचं नाहीस. ममाला मी शब्द दिलाय."

"सगळ्यांनी शब्द देऊन टाकलेत माझ्या वतीनं," टी-ज्यूल पुटपुटला.

ती चढली. तिचे बूट दिसेनासे झाले आणि चौकोनी भोकात नुसता काळोख उरला. मग दिव्याचा उजेड हलला.

"पपा, नुसता कापूस आहे! तुझ्या फळ्या कुठायत?"

"कापसाखालीच आहेत! नंतर कुणीतरी वरून कापूस फवारला असेल. पायानं चाचप. शिडीकडं पाठ कर, मग डावीकडं. पाय उचलू नकोस, सरकव."

"लागली! लागली फळी."

ठक.

आणि टी-ज्यूल खाली चालू लागला. वर ती सरकत होती, खाली तो, छताकडं तोंड करून, कडेवर पोर. वरचा माळा त्याला डोळे मिटून दिसत होता. पण खालून त्या वाटेनं तो आयुष्यात पहिल्यांदाच चालत होता. बोळातून जेवणाच्या खोलीत.

"आता टेबलावर आलीस तू," तो ओरडला. "माझ्या पायापाशी."

ठक. आणि वरून हसल्याचा आवाज.

टेबलाच्या बरोबर वर, छतात, एक चौकोनी ठिगळ होतं. बाकी छत पांढरं, ते ठिगळ किंचित पिवळं. हे यंत्र बसवलं तेव्हा टी-ज्यूल नवीन नवीन होता. काम शनिवारी आटपलं नाही, रविवारी आला. ओव्हिड आणि युलाली भात आणि रस्सा वाढून घेत होते, आणि वर एका तुळईवरून दुसरीवर जाताना याचा पाय सुटला. छत फोडून गुडघ्यापर्यंत पाय खाली आला, बुटासकट, आणि पांढरा भुगा रश्शाच्या पातेल्यात. ओव्हिड जन्माचा अबोल. तो त्या पायाकडं पाहत म्हणाला, "अरे, वरून कशाला येतोस? दार उघडंच आहे."

युलालीबाईंच्या म्हणण्याप्रमाणं त्या लग्नात ओव्हिड बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य. भोक त्यानंच बुजवलं. रंग मात्र बाईंनी लावू दिला नाही. आल्या-गेल्याला त्या वर बोट दाखवून सांगत, "हा टी-ज्यूलचा पाय." त्याच आठवड्यात टी-ज्यूलनं शिडीपासून यंत्रापर्यंत फळ्या ठोकल्या, आणि पुढं ज्या ज्या माळ्यावर गेला तिथं आधी फळ्या टाकल्या, मग कामाला हात घातला.

आता त्या फळ्यांवरून मुलगी चालली होती.

"आता पलंगाच्या उशापाशी," तो ओरडला. "समोर यंत्र दिसेल."

"दिसलं! पपा, परात बघ... बघ काय म्हणतेय मी. एका कोपऱ्यात गंजून चाळणी व्हायला आलीय. पण यंत्र छान आहे. म्हातारं आहे, पण छान आहे."

"कोण गं म्हातारं?" युलालीबाईंनी खालून विचारलं.

"यंत्र, मिस युलाली!"

"मग हळू बोल, त्याला ऐकू जाईल."

आता कोराली वरून परातीतलं पाणी काढून कोपरा बुजवणार होती, आणि खरी नळी टी-ज्यूल खालून, अंजिराच्या झाडापाशी, ओढयंत्र लावून मोकळी करणार होता. तेवढं काम त्याच्यासाठी उरलं होतं. त्यानं झेलीला स्वयंपाकघरात पंख्यासमोर युलालीबाईंच्या मांडीवर दिलं आणि बाहेर गेला. नळीच्या तोंडाला ओढयंत्र बसवलं, भोवती ओलं फडकं गच्च गुंडाळलं आणि बटण दाबलं. यंत्र असं किंचाळलं की ओकच्या झाडावरचे किडेसुद्धा गप्प झाले.

बराच वेळ काहीच येईना. मग नळीनं आचका दिला, गळा खाकरल्यासारखा आवाज झाला, आणि काळंहिरवं शेवाळ लांबच्या लांब, लिबलिबीत, थेट डब्यात. त्यामागून गढूळ पाणी. त्यामागून स्वच्छ पाणी. टी-ज्यूलनं ओढयंत्र काढलं तरी पाणी वाहतच होतं, अंजिराच्या मुळाशी, खळखळ.

"हे बघा, मिस युलाली!" तो डबा घेऊन स्वयंपाकघरात आला. "हे अडकलं होतं तुमच्या घशात."

"जेवणाच्या जागी ते ठेवू नकोस," युलालीबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर झेली कुरकुरत होती.

टी-ज्यूल डबा बाहेर ठेवून आला आणि बोळात शिडीखाली उभा राहिला. कान दिला. काहीच नाही.

ओढयंत्रानं कान अजून घुमत होते. त्यानं करंगळी घालून हलवली. थांबला. घरात पंख्याची घरघर आणि पोरीची कुरकुर.

"कोराली!"

वर उजेड होता, पण हलत नव्हता.

"कोराली! शा, लाडके, ठोका दे!"

तो झोपायच्या खोलीत गेला, उशाशी उभा राहिला, छताकडं तोंड केलं. पुन्हा हाक मारली. छत पांढरं, गप्प. ऊन खिडकीच्या चौकटीवर चढलं होतं. वर काय झालं असेल ते त्याला ठाऊक होतं. तोंडातला तो तांब्यासारखा स्वाद, डोळ्यांसमोर सरकणारे काळे ठिपके, आणि मग कापसाचा मऊपणा. त्या मऊपणाचीच खरी भीती. पडावंसं वाटतं. आणि तिला तर सहा महिन्यांपूर्वीच बाळ झालेलं, रात्री धड झोप नाही, अंगातलं अर्धं पाणी पोर ओढून घेतंय. कशी जाऊ दिली मी हिला?

"मिस युलाली, शेजारचं पोरगं आहे का घरी?"

"काय?"

"शेजारचं पोरगं!"

"ते लाफाएटला गेलंय कालच. का रे?" त्या झेलीला खांद्यावर घेऊन बोळात आल्या. त्याचा चेहरा बघून थांबल्या. "काय झालं?"

"ठोका येत नाही."

त्यानं शिडीला हात घातला. पहिली पायरी. शिडी त्याला ओळखत असल्यासारखी कण्हली. दुसरी. वरच्या गरम हवेनं कपाळाला हात लावला.

"टी-ज्यूल, उतर. तुझी बायको मला जिवंत ठेवायची नाही."

"मिस युलाली, माझी पोर आहे वर."

"आणि तुझ्या पोरीची पोर इथं आहे. तू आडवा झालास तर तुम्हा दोघांना मी काढू का खाली? मी? उतर आणि नीट ऐक."

"ऐकूच येत नाही हो मला!" तो जवळजवळ ओरडलाच. आणि ओरडल्यावर त्याला समजलं, आपण काय बोललो. आयुष्यभर यंत्रांच्या पोटात डोकं घालून कान गेले होते. घरात टीव्ही मोठ्यानं लागायचा, व्हर्जी चिडायची, तो हसण्यावारी न्यायचा.

"मलाही नाही येत," युलालीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "माझी कानातली यंत्रं मघाशीच काढून टेबलावर ठेवली. घामानं शिट्टी मारतात."

दोन म्हातारी माणसं बोळात उभी होती, एक शिडीवर, एक खाली, आणि कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. झेलीची कुरकुर तेवढ्यात थांबली.

"टी-ज्यूल," युलालीबाई म्हणाल्या. "पोरीकडं बघ."

झेलीनं खांद्यावरून मान उचलली होती. तोंड अर्धवट उघडं, ओठाशी लाळेचा बुडबुडा. ती झोपायच्या खोलीच्या छताकडं बघत होती. मग कंटाळून तिनं मूठ तोंडात घातली. आणि पुन्हा, कुणी नाव घेऊन हाक मारल्यासारखी, मान वळवली. त्याच बाजूला. डोळे मोठे झाले. मूठ बाहेर आली. हसली.

टी-ज्यूल शिडीवरून उतरला. पोरीच्या नजरेच्या रोखानं चालत झोपायच्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि दाराच्या चौकटीवर सबंध पंजा टेकवला, पाठ दुखणाऱ्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा. चौकट जुनी, सायप्रसच्या लाकडाची, थेट तुळईपर्यंत गेलेली.

थांबला.

लाकडातून त्याच्या तळहाताला एक बारीक टोला लागला. ऐकू आला नाही, लागला. मागं झेली खुदकन हसली. पुन्हा थोडा वेळ. पुन्हा टोला. पुन्हा पोरगी हसली.

"ठोकतेय," तो म्हणाला. "ठोकतेय ती. मगापासून ठोकतेय."

तो तिथंच दारात, उंबऱ्यावर बसला, पंजा चौकटीवरून न काढता. मिशीवरून घाम आत्ता उतरला. युलालीबाईंनी पोर त्याच्या मांडीवर ठेवलं आणि पंच्यानं त्याचं कपाळ पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं खसाखसा.

"रडतोस की काय?"

"घाम आहे."

"हो, डोळ्यांतूनच येतो काहींना."

मग तीन टोले आले, जोरात. ते त्याला कानांनीही ऐकू आले. वर कुठंतरी खट्ट झालं, एक लांब उसासा, आणि बोळाच्या छतातल्या जाळीतून हवा सुटली. आधी धुळीचा वास, मग ओल्या लोखंडाचा, मग नुसतं गार. युलालीबाई जाळीखाली जाऊन उभ्या राहिल्या, डोळे मिटून, दोन्ही हात अंगापासून लांब धरून. पांढरे केस कपाळावर हलू लागले.

शिडीवर बूट दिसले.

"टी-ज्यूल, सांभाळून उतर गं," युलालीबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"मी इथं आहे, मिस युलाली," टी-ज्यूल उंबऱ्यावरून म्हणाला.

"तुला कोण बोलतंय? वर आहे तिला बोलले मी." त्यांनी एक डोळा उघडला. "वर असतो तो टी-ज्यूल. तुझा बाप खाली थांबायला लागला तेव्हा त्याला आम्ही काय म्हणायचो? नुसतं ज्यूल. मान होता त्याला. खुर्ची देत होतो आम्ही."

टी-ज्यूल पोरीला कडेवर घेऊन उंबऱ्यावरून उठला.

कोराली खाली आली. चेहरा काळा, भुवयांत गुलाबी कापूस, शर्ट पिळून काढण्यासारखा. झेलीनं तिला बघितलं आणि दोन्ही हात पुढं केले.

"नको, नको, शा. कापूस आहे माझ्या अंगावर, तुला खाजेल." ती मागं सरली. "पपा, तू इतका ओरडत का होतास? मी ठोकत तर होते. यंत्राच्या मागं पालथी पडून एका हातानं ठोकत होते."

"तुझा ठोका बारीक होता."

"तुझे कान बारीक झालेत. ममा वर्षभर सांगतेय."

"हो," तो म्हणाला. "झालेत."

ती थबकली. एवढ्या सहज त्यानं कधी काही कबूल केलं नव्हतं. तिनं शिडीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि कपाळावरचा दिवा काढला.

अंगणात नळाच्या पाण्याखाली तिनं हात, मान, तोंड घासघासून धुतलं. झेली आजोबाच्या कडेवरून तिला ओरडून बोलवत होती. आता कुरकुर नव्हती, सरळ भांडण होतं. युलालीबाईंनी एक सुती झगा आणून दिला, ओव्हिडच्या आईच्या वेळचा, फुलाफुलांचा. कोराली तो घालून जेवणाच्या टेबलाशी, पिवळ्या ठिगळाखाली बसली आणि लेकीला छातीशी घेतलं. भांडण एकदम थांबलं. घरात फक्त गार हवेची सळसळ आणि घोट गिळण्याचा आवाज. तो मात्र टी-ज्यूलला ऐकू आला, किंवा आला असं वाटलं.

"परात मी तात्पुरती बुजवलीय, तिची खिडकीवरची नळीही मोकळी केलीय," कोराली म्हणाली. "हिवाळ्यात नवी घालू. आणि पपा, तुझ्या फळ्या शाबूत आहेत. एकही हलली नाही."

खिशात फोन थरथरला. व्हर्जी होती, शाळेच्या स्वयंपाकघरातून. मागं ताटांचा खणखणाट.

"कुठं आहेस?"

"खाली."

"खाली म्हणजे कुठं?"

"खाली म्हणजे जमिनीवर, व्हर्जी. झालं काम. पोर उतरली. यंत्र चालू आहे."

पलीकडं ताटं थांबली. श्वास सोडल्याचा आवाज आला, की तसं त्याला वाटलं. "खालीच होतास ना सगळा वेळ?"

युलालीबाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला. "व्हर्जी, खालीच होता. दोन पायऱ्या सोडल्या तर. पण त्या माझ्या घराच्या आहेत, त्या मी मोजत नाही. आणि हे बघ, याचे कान कुणाला तरी दाखव. मी माझ्या कानवाल्याचा पत्ता देते."

टी-ज्यूल मागच्या दारानं अंगणात आला. ऊन आता खरं चढलं होतं. ओकवरचे किडे पुन्हा सुरू झाले होते. अंजिराच्या मुळाशी पाण्याची बारीक, सरळ धार चालली होती, जिथं जायला हवी तिथं. तो खिडकीखाली गेला आणि वर पाहिलं. पांढऱ्या नळीच्या तोंडाशी मघाचा थेंब नव्हता. तो वाट बघत उभा राहिला. नळी कोरडी होती.

कोरडी हवीच. आता इथून पाणी पडलं तर वाईट.

पायरीवर चढू पाहणारा पुदिना उन्हानं थोडा मलूल झाला होता. टी-ज्यूलनं आजूबाजूला बघितलं. भिंतीशी ओव्हिडची पत्र्याची झारी उलटी पडली होती. त्यानं ती सरळ केली, आतली कोळिष्टकं झटकली, नळाखाली भरली आणि पुदिन्यावर धरली. ओल्या पानांचा वास आला.

आतून युलालीबाईंनी हाक मारली, "टी-ज्यूल, कॉफी गार होतेय!"

हाक त्याला स्वच्छ ऐकू आली. त्याची मान वळणारच होती. त्यानं ती वळवली नाही.

"आले, मिस युलाली," आतून कोराली म्हणाली.

तो झारी थोडी आणखी वाकडी करून शेवटच्या पायरीकडच्या रोपांना पाणी घालत राहिला.